कोरा पट्टा

२ एप्रिल २०२४, मंगळवार

मणिबेलीच्या शाळेत पोचायला मोलगीपर्यंत बस, पुढे जीप आणि शेवटचा टप्पा बोटीनं. धुळ्याहून निघताना शेजारीण म्हणाली होती, "रिटायर झालीस ना गं, मग कशाला?" बोटीत बसल्यावर तेच मनात आलं. बोट लागते तिथे धक्का वगैरे काही नाही. पाणी उतरलं की काठ मागे सरतो आणि मधे उरतो तो गाळ. पोटरीपर्यंत पाय गेला, तोल सांभाळताना काखेतली गुंडाळी सुटली. वीस चार्टपेपर होते. वर आणून उलगडले तेव्हा पाच कामाचे निघाले.

तिसरी-चौथीचे गुरुजी निवडणुकीच्या कामाला लागलेत. नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी आहे, त्याआधी प्रशिक्षणं, याद्या, बैठका. ओळखीतून विचारणा झाली : महिनाभर या, मुलांचं कला आणि कार्यानुभवाचं वर्षअखेरचं काम करून घ्या, नोंदी भरा. एकतीस वर्षं चित्रकलेची शिक्षिका होते, तेव्हा 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणू?

मुलं एकतीसच. दर वर्षाला एक, असा हिशोब मीच जुळवून घेतला. धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, बामणी अशा गावांतून येऊन इथेच राहणारी बरीच. पाय धूत होते तर एक चिमुरडी तांब्या घेऊन आली. "बाई, तू गाळात पडली?" तिच्या बोलीत मोठ्यांसाठी वेगळं अहो-जाहो नाही. पूर्वी आमच्याकडे बदलून आलेले काही शिक्षक याच 'तू'वरून आदिवासी मुलांना उद्धट ठरवायचे. मला मात्र बरं वाटलं. साठी उलटल्यावर 'तू' म्हणणारं माणूस विरळाच.

४ एप्रिल, गुरुवार

पहिला तास. पाच चार्टपेपर जपून ठेवले आणि वहीची पाठकोरी पानं वाटली. म्हटलं, तुमचं गाव काढा.

वीस मिनिटांत एकतीस निसर्गचित्रं हजर. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्याचे खिळ्यांसारखे किरण, डोंगरातून नागमोडी उतरणारी नदी, तिच्या काठी उतरत्या छपराची झोपडी, आकाशात मराठीतल्या चारच्या आकड्यासारखे पक्षी. आणि नारळाचं झाड! विचारलं तर एकानंही नारळाचं झाड पाहिलेलं नाही.

हसू आलं आणि लगेच ओशाळले. हे चित्र गावोगाव पोचवलं कोणी? आम्हीच. फळ्यावर चार रेघांत काढून दाखवायला सोपं, वर्ग गप्प बसतो, साहेब आले की भिंतीवर शोभतं. धुळ्याच्या उन्हात बसून मीही हजार वेळा तेच शिकवलं असेल. इथे खिडकीबाहेर साक्षात सातपुडा उभा, त्याच्या एकाही डोंगराला असं टोक नाही. आणि ज्या नदीला मुलांनी नागमोडी केलं ती नर्मदा इथे वाहतच नाही, धरणामुळे फुगून थांबलेली आहे.

एकीचं चित्र तेवढं वेगळं. तिसरीतली, त्या तांब्यावालीची मोठी बहीण. डोंगर तिचेही त्रिकोणी, पण वर हिरवा रंग, खाली निळं पाणी, आणि दोन्हींच्या मधे चार बोटं रुंद आडवी पट्टी कोरी सोडलेली. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"इथे रंग भरायचा राहिला का गं?"

तिनं मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. मी नोंदवहीत पेन्सिलीनं लिहिलं : रंगकाम अपूर्ण.

६ एप्रिल, शनिवार

निम्मा वर्ग रिकामा. मोह पडतोय. पहाटे अंधारात घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली, त्यात आमची तिसरी-चौथीही. फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मुलं दहाला आली ती बोटांना गोड, आंबूस वास घेऊन. चाचणीचे पेपर चालू होते, आज ते एकदाचे संपले. पेपर झाल्यावर म्हटलं, चला, पाण्याकडे जाऊ.

उतारावर येऊन समोर पाहिलं आणि थांबलेच. पलीकडच्या गुजरातच्या डोंगरावर वरपर्यंत झाडी, तळाशी पाणी, आणि मधे उघडा, भुरकट, गवताची काडीही नसलेला पट्टा. डोंगराला कोणी सालटून काढल्यासारखा. आपल्या बाजूलाही तसाच. पट्ट्याची वरची कड इतकी सरळ की पाणसळ लावून आखावी.

हे सरदार सरोवर धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी १३८.६८ मीटर. कालव्यांना पाणी देण्यासाठी ठरलेली किमान पातळी ११०.६४. म्हणजे उभ्या मापानं २८ मीटरची जागा, जी कधी पाण्याखाली असते, कधी उघडी. पावसाळ्यात तिथे मासे, उन्हाळ्यात भेगा. एवढी वर-खाली सोसून तिथे झाड कसलं धरणार?

पट्टी कोरी सोडणारी ती माझ्या शेजारीच उभी होती. बोट दाखवून म्हणाली, "तिथं रंग नाही, बाई."

रात्री सोलरच्या दिव्याखाली नोंदवही काढली आणि खोडरबरनं ती ओळ पुसली. कागदावर पेन्सिलीचा वळ राहिला.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

इथे गुढी नाही. इथलं वर्ष होळीला वळतं आणि ती यंदा पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेली. मला मात्र सवयीनं सकाळी कडुलिंब आठवला. मुलांना सांगितलं तर त्यांनी पाला ओरबाडून आणला आणि मी तोंड वाकडं करत खाताना बघत बसली.

आज विषय 'होळी'. सांगून टाकलं, डोंगर-सूर्य-झोपडी आज बंद. थोडा वेळ वर्ग नुसता कागदाकडे बघत होता. मग एकानं भोपळे काढले. नुसते भोपळे, कंबरेला बांधतात तसे एका रेघेत. त्यातून बुध्या उभा राहिला. सातपुड्याच्या होळीत नवस बोललेले पुरुष बुध्या होतात, काही दिवस कडक व्रत पाळतात, अंगभर राखेचे किंवा पांढऱ्या रंगाचे ठिपके उठवतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कंबरेला सुके भोपळे आणि घुंगरं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. कालवलेल्या राखेत बोट बुडवून माणसाच्या पाठीवर ठिपके कसे उठवायचे हे या मुलांनी जवळून पाहिलंय. दोन ठिपक्यांत किती अंतर ठेवायचं ते मला सांगावं लागलं नाही. चुलीतली राख आणली, काडी चावून कुंचला केला, तासाभरात वहीतल्या कागदांवर वीस-पंचवीस बुध्ये नाचायला लागले.

दुपारी कामानिमित्त आलेल्या एका पाहुण्यांनी चित्रं पाहिली. "छान! पण भिंतीवर वारली काढून घ्या ना. आदिवासी शाळा वाटेल."

चहा दिला आणि गप्प बसले. वारली ही पालघर-डहाणूकडची चित्रकला. मूळची लग्नघरातल्या बायकांची, लग्नचौकाची. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली. आता राज्यात कुठलीही आश्रमशाळा असो, भिल्लांची, गोंडांची, कोलामांची, भिंतीवर तारपा वाजवणारा वारलीच. आमच्या निसर्गचित्रासारखाच तोही एक शिक्का झाला. इथून नदी ओलांडून गुजरातेत छोटाउदेपूरकडे गेलं तर राठवा लोकांच्या ओसरीत पिठोऱ्याचे घोडे आहेत. या बाजूला वाघदेवाच्या लाकडी खांबावर चंद्र, सूर्य, वाघ कोरतात. दर दहा कोसांवर हात बदलतो. तो बदलू द्यायचा की सगळ्यांना एकच कित्ता द्यायचा, एवढाच प्रश्न.

१२ एप्रिल, शुक्रवार

कागद संपला. पाच चार्टपेपर पालकांना दाखवायच्या प्रदर्शनाच्या मथळ्यांसाठी राखून ठेवलेत. दुकान मोलगीला. थर्माकोल इथवर आणायचं तर वाटेतच मोडेल, आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. शहरात वर्षअखेरीचा 'प्रकल्प' म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं सामान, वडिलांनी रात्री जागून केलेली कापाकापी आणि मुलाचं नाव. पन्नास ज्वालामुखी, चाळीस सूर्यमाला मी स्वतः तपासल्यात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं काम आठवलं. बाहेरची साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले हेच शिकवण्याचं साहित्य केलं, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. मग आमच्याकडे काय आहे? गाळ. जितका हवा तितका, फुकट, लोण्यासारखा मऊ.

दोन घमेली भरून आणला. मी टेचात चाक नसताना मडकं कसं वळवावं ते दाखवलं, घर कसं उभारावं ते दाखवलं. सगळं सावलीत ठेवून दिलं.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी पाहते तर माझ्या मडक्याला गळ्यापासून बुडापर्यंत तडा. घराच्या चार भिंती चार दिशांना. मुलांचंही बहुतेक तेच. बारीक गाळ सुकताना फार आकसतो, हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेल.

एकच घर धड उभं होतं. पट्टीवालीचं.

"काय केलंस गं?"

"भुसा घातला. शेण पण." मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून, "घर असंच लिंपतात ना, बाई."

इथल्या घरांच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वर शेणमातीचा गिलावा. पोरी कळत्या वयापासून आईबरोबर सारवतात. कोरडी माती किती, भुसा किती, हात कुठे ओला करायचा हे त्यांच्या बोटांत बसलेलं असतं. म्हटलं, आज तू शिकव. ती लाजली, मग कंबर कसून उभी राहिली आणि पुढचा तासभर कुणालाच सोडलं नाही. मलाही दोनदा मिश्रण परत करायला लावलं.

१५ एप्रिल, सोमवार

एकाचा मामा केवडियाला बागकामाला जातो. त्यानं विचारलं, "बाई, तो मोठा पुतळा पण मातीचा केला होता?"

प्रश्न बरोबर ठिकाणी आला. सरदार पटेलांचा तो पुतळा इथून लांब नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, साधू बेटावर, १८२ मीटरचा. त्याचे शिल्पकार राम सुतार आमच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांनी ९९ वर्षं पूर्ण केली. सुताराच्या घरातला मुलगा, हाताला वळण होतं, ते श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी हेरलं आणि पोराला मुंबईला जे. जे. स्कूलच्या वाटेला लावलं. मुलांना सांगितलं, एवढा मोठा पुतळासुद्धा आधी हाताएवढाच असतो. आधी लहान नमुना, मग मोठा, मग त्याचे साचे, मग धातू.

सांगता सांगता त्यांचं दुसरं एक काम आठवलं, मध्य प्रदेशात चंबळेवर गांधीसागर धरणापाशी केलेलं. पंचेचाळीस फुटांची चंबळदेवी, आणि तिच्याजवळ दोन लेकरं, एक मध्य प्रदेश, एक राजस्थान.

"आपल्या नदीला किती पोरं?" मागच्या बाकावरून आलं.

चार राज्यं मोजून दाखवली : मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, आणि कालव्यानं पाणी जातं ते राजस्थान. "मग आपण कोणाचे?" असं त्यानं विचारलं नाही. मीच रात्री स्वतःला विचारलं.

१८ एप्रिल, गुरुवार

आता घरं टिकायला लागली तर ती मांडायची कुठे? वर्गानंच ठरवलं : गाव करायचं. कुठलं? "जुनं." सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं. त्यांच्यातल्या एकानंही ते पाहिलेलं नाही.

महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाच्या पाण्यात आली, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. त्यांत धरणाला सगळ्यांत जवळचं, म्हणून सगळ्यांत आधी बुडालेलं हे मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात इथली पहिली घरं गेली. त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत नर्मदा बचाव आंदोलनाचा सत्याग्रह इथल्याच काठावर चालला. १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी बँकेला मोठ्या धरणांचा अर्थपुरवठा थांबवायला सांगणारा जाहीरनामा काढला, त्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. एवढ्याशा गावाचं नाव कुठे कुठे जातं! त्याच सुमारास या काठावर चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा सुरू झाल्या. 'लढाई-पढाई साथ साथ' म्हणणाऱ्या, पहिलीच्या पोराला त्याच्या बोलीतून अक्षराकडे नेणाऱ्या.

मला हे सगळं कागदावर माहीत. घर कुठे होतं ते मात्र आजीच सांगणार. पट्टीवालीच्या आजीला बोलावलं. ती बांबूच्या तट्ट्यासमोर उकिडवी बसली, बराच वेळ काहीच बोलली नाही. मग बोटानं शेणाच्या सारवणावर रेघ ओढली. "ही नदी. इथं शूलपाणेश्वर." ते देऊळ १९९४ मध्ये बुडालं, नवं आता गुजरातेत गोऱ्याला बांधलंय. "इथं आमचा मोह. तीन झाडं. इथं टरबुजं लावायचो, रेतीत." नात शेजारी मातीचा गोळा घेऊन तयार. आजी बोट ठेवील तिथे ती घर ठेवी.

दुसऱ्या एका आजोबांना ते पटलं नाही. मोह दोनच होते म्हणाले. तासभर वाद. शेवटी तीन लावले, कारण आजी उठायला तयार नव्हती.

२२ एप्रिल, सोमवार

डोंगर दगड रचून, वर गाळाचा लेप देऊन केलाय. घरं तीसच्या वर झाली. आजीचं घर देवळाहून मोठं झालंय. प्रमाण बिघडलं असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आता अडलं पाण्यापाशी. एकानं निळा घोटीव कागद सुचवला. "मग घरं दिसणार नाहीत." दुसरा म्हणाला, पाणी दाखवायचंच नाही. "मग ते गाव कुठं गेलं म्हणून सांगायचं?" बरीच वादावादी. पट्टीवाली आत गेली आणि सुतळीचा गुंडा घेऊन आली. डोंगराभोवती सुतळी गुंडाळून म्हणाली, "पाणी इथपर्यंत आलं. मग इथपर्यंत."

मी चटकन खाली बसले. सुतळी सारख्या उंचीवर राहायला काठीला खिळा ठोकला, काठी जमिनीवर उभी धरून डोंगराभोवती फिरवली, खिळ्यानं ओरखडा उठला, त्यावर सुतळी बसवली. चौथीतल्या एकाला नवल वाटलं : "पाणी तर सपाट असतं. मग रेघ अशी वाकडी कशी जाते?" घळीत शिरते, सोंडेवरून बाहेर येते. पुढे भूगोलात याला समोच्च रेषा म्हणतात आणि सातवीची मुलं ती पाठ करतात. इथे तिसरीनं सुतळीनं बांधली.

किती सुतळ्या? धरणाची उंची मी सांगितली, रंग त्यांनी केले. साधी सुतळी ८० मीटरची : १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं काम थांबलं तेव्हाची. हळदीतली पिवळी ९० ची : ऑक्टोबर २००० च्या निकालानं परवानगी दिलेली. काजळातली काळी १२१.९२ ची : २००६. आणि गेरूतली लाल १३८.६८ ची : २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले ती. पहिल्याच सुतळीखाली आजीचं घर गेलं. तिच्या काकांचं पिवळीच्या खाली. तिचं स्वतःचं आताचं घर लालच्या वर, वीतभर.

"याच्यावर अजून आहे का, बाई?"

"नाही. धरण पूर्ण झालं."

तिनं लाल सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

२८ एप्रिल, रविवार

पालक आले. मोहाच्या दिवसांत दुपार मोडून येणं सोपं नाही. भिंतीवर बुध्ये, ओसरीत गाव. मथळा चौथीनं लिहिला, त्यातलं 'मणिबेली' एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ.

तारीफ कुणीच केली नाही. आमच्या शहरातल्या पालकांसारखा मोबाइल काढून पोराला शेजारी उभं करणंही नाही. माणसं गावाभोवती उकिडवी बसली आणि आपापल्या बोलीत हळू बोलू लागली. तळोद्याच्या बाजूला पुनर्वसन झालेल्या एकानं आपलं घर शोधलं, सापडल्यावर उठून बाहेर गेला, विडी ओढून परत आला.

पट्टीवालीचे वडील बोट चालवतात. मला गाळात उतरवणारे तेच. १९९३ ला सहा वर्षांचे असतील. खूप वेळ पाहिलं, मग पुढे झुकले, अंगठ्यानं एक घर अलगद सरकवलं. चार बोटं उजवीकडे, उताराच्या कडेला.

"इथं होतं. दारातून नदी दिसायची."

त्यांची आई शेजारीच होती. मोहाच्या वेळी कुणाला न ऐकणारी आजी या वेळी काही बोलली नाही. सरकवलेल्या घराच्या बुडाला लेकीनं ओला गाळ लावून ते पक्कं केलं.

चित्रकलेच्या एकतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या कामात पालकानं हात घातला तर मला राग यायचा. ते आठवून बसले.

३० एप्रिल, मंगळवार

उद्या निकाल. आज नोंदी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं तेव्हापासून प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना सुरेख. पण एका मास्तरानं चाळीस-चाळीस मुलांच्या, विषयागणिक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर तयार वाक्यांची पुस्तकं निघाली. माझ्याही पिशवीत एक आहे. 'चित्रात सुबक रंग भरतो.' 'मातीपासून विविध आकार बनवते.' 'रंगसंगतीकडे अधिक लक्ष द्यावे.' पोर कुठलंही असो, वाक्य बसतं.

आज पुस्तक उघडलं नाही. एकतीस नोंदी लिहायला रात्रीचे साडेअकरा वाजले. 'ठिपके समान अंतरावर उठवतो, मोजत नाही.' 'पाण्याची रेघ वाकडी का, असं विचारलं.' 'नदीला पोरं किती, असं विचारलं.' 'भोपळ्यापासून माणूस काढायला सुरुवात करतो.'

पट्टीवालीपाशी बराच वेळ गेला. लिहिलं : 'मातीत भुसा किती घालावा हे वर्गाला शिकवलं. जिथे रंग नाही तिथे भरत नाही.' 'सुधारणा आवश्यक'चा रकाना तसाच सोडला.

मोठे गुरुजी सह्या करत होते. तिच्या पानावर थांबले.

"बाई, हा रकाना राहिला."

"राहिला नाही, गुरुजी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी तिचं पहिल्या दिवशीचं चित्र पुढे केलं. चाळीस वर्षं या काठावर राहिलेला माणूस, पट्टीकडे बघून नुसता "हं" म्हणाला आणि सही केली.

१ मे, बुधवार. महाराष्ट्र दिन

झेंडावंदन, निकाल, गूळ-शेंगदाणे. सगळी पुढच्या वर्गात. मातीचं गाव ठेवायला जागा नाही, ओसरी पावसात भिजते. म्हटलं, आपापली घरं घरी न्या. बांबूच्या टोपल्यांत गवत घालून, अंड्यांसारखी जपून नेली. पट्टीवालीनं एका हातात आजीचं घर घेतलं आणि दुसऱ्या हाताला धाकटी. मोह तीनही नेले.

तट्ट्यावर डोंगर राहिला आणि त्याच्याभोवती चार सुतळ्या.

माझी पिशवी घ्यायला बोटवाले वडील आले. डोंगराशी वाकले.

"बाई, ही लाल दोरी घेऊ? डिझेलच्या कॅनचं झाकण तुटलंय."

घ्या म्हटलं. त्यांनी गाठ सोडली, सुतळी गुंडाळून खिशात घातली. गेरू त्यांच्या बोटांना लागला, तो त्यांनी पँटला पुसला. काठावर या वेळी त्यांनी मला हात दिला आणि गाळात फळी टाकली होती.

बोट निघाली. कॅनच्या तोंडाला लाल सुतळीचे तीन वेढे, तरी थोडं डिझेल झिरपत होतं. दोन्ही काठांना तो कोरा पट्टा बराच वेळ बरोबर चालला.